गाडीतील कॉम्प्युटर आणि 'बारा व्होल्ट'चा हिशेब

गोंदिया जिल्ह्यात कापडाचा धंदा करणाऱ्याला केवळ दुकानात बसून भागत नाही. शहरातले गिऱ्हाईक वाटले गेले आहे, त्यामुळे माल गाडीत घालून आमगाव, सालेकसा, देवरी, अर्जुनी मोरगाव या बाजूंच्या आठवडी बाजारांना जावेच लागते. बाजारात रोखीने विकले जाते त्यापेक्षा उधारीने अधिक जाते. धान विकले की पैसे, तेंदूपत्त्याची मजुरी हातात आली की पैसे, असा हा व्यवहार वर्षानुवर्षे चालत आला आहे. अशा धंद्यात उधारीची वही हीच खरी पुंजी होय. ही वही कॉम्प्युटरवर घ्यावी आणि तो कॉम्प्युटर गाडीतच कायमचा बसवावा असे माझ्या मनात आले. त्यातून जो खर्च झाला, जे नुकसान झाले आणि शेवटी जे समजले, ते व्यापारी बंधूंच्या उपयोगी पडेल म्हणून येथे मांडत आहे.

प्रथमच एक शंका दूर करतो. आज मोबाईलवर बिले बनतात, लॅपटॉप स्वस्त झाले आहेत, मग गाडीत वेगळा कॉम्प्युटर कशाला, असे कोणीही विचारेल. माझा मुलगाही हेच विचारत होता. ज्यांचे काम मोबाईलवर भागते त्यांनी खुशाल मोबाईल वापरावा, हा लेख त्यांच्यासाठी नाही. लॅपटॉपचा अनुभव मात्र मी घेतला आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांवर जातो, बंद उभ्या गाडीच्या आत तर त्याहून कितीतरी जास्त. पहिल्याच उन्हाळ्यात लॅपटॉपची बॅटरी फुगली. पंख्यात सुताची कुसळे आणि रस्त्याची धूळ बसली ती वेगळीच. म्हणून बॅटरी नसलेला, पंखा नसलेला, सीटच्या मागे लोखंडी डब्यात घट्ट बसणारा आणि दुकानातल्या कॉम्प्युटरवरचाच हिशेबाचा प्रोग्राम चालवणारा लहान कॉम्प्युटर मला हवा होता.

असे लहान मदरबोर्ड बाजारात आहेत. तैवानच्या 'व्हिया' कंपनीने २००१ साली 'मिनी-आयटीएक्स' नावाचे माप आणले. १७ सेंटिमीटर लांब आणि तितकाच रुंद, म्हणजे हातरुमालाची एक घडी समजा. पुढे इतर कंपन्यांनीही हेच माप उचलले. यातले काही बोर्ड इतकी कमी वीज घेतात की त्यांचा प्रोसेसर फक्त १० वॅटचा असतो आणि त्याला पंख्याची गरज पडत नाही. गाडीत कॉम्प्युटर बसवू पाहणाऱ्या लोकांनी जगभर हेच बोर्ड पसंत केले. बोर्ड निवडणे फारसे अवघड नाही. गाडी अडते ती त्याला वीज पुरवण्यापाशी.

आता माझी पहिली चूक सांगतो. शहरातल्या एका दुकानदाराने सल्ला दिला की बॅटरीला छोटा इन्व्हर्टर लावा, त्यातून २३० व्होल्ट काढा आणि त्यावर घरचाच एसएमपीएस चालवा. ऐकायला सोपे वाटले. बारा व्होल्टचे २३० करायचे आणि त्याच २३० चे पुन्हा बारा आणि पाच करायचे, म्हणजे नागपुरातून आलेला माल एकदा मुंबईला पाठवून परत गोंदियाला आणण्यासारखे झाले. दोन्ही फेऱ्यांत तूट येते. इन्व्हर्टर शंभरातले ८५ आणि एसएमपीएस शंभरातले ८० पुढे देत असेल, तर बोर्डापर्यंत ६८ च पोहोचतात. तरीही दोन महिने तो चालला.

एके संध्याकाळी बाजार उठला, माल बांधला आणि दिवसाची शेवटची उधारी लिहिता लिहिता मी गाडीचा सेल्फ मारला. कॉम्प्युटर बंद पडून पुन्हा सुरू झाला. घरी येऊन पाहतो तो त्या दिवसाची फाईल उघडेना. मुलाने रात्री दोनपर्यंत खटपट केली. त्रेसष्ट नोंदी गेल्या त्या गेल्याच. पुढच्या बाजारी मी कागद घेऊन बसलो आणि आठवेल तसे एकेकाला विचारले. बहुतेकांनी आपण होऊन रक्कम सांगितली. एका बाईने तर मला आठवत होते त्यापेक्षा चाळीस रुपये जास्त सांगितले आणि वर मलाच रागावली की चाचा, तुम्ही असे विसरायला लागलात तर कसे होईल. काहींनी मात्र सांगितले नाही. त्यांचे पैसे बुडाले त्यापेक्षा आता त्यांना मागायचे तरी कसे याचा त्रास अधिक झाला. त्या दिवसापासून मी हा विषय मुळातून समजून घ्यायचे ठरवले. शाळेत आम्ही विज्ञान उर्दूतून शिकलो. विजेच्या प्रवाहाला 'बर्की रौ' आणि विरोधाला 'मुजाहमत' म्हणायचो. शब्द वेगळे असले तरी ओहमचा नियम तोच, तो कामाला आला.

मूळ गोष्ट ही की गाडीची बॅटरी 'बारा व्होल्ट'ची म्हणतात, पण ती क्वचितच बारावर असते. आपण ३६ पन्ह्याचे म्हणून विकतो ते कापड धुतल्यावर ३६ राहत नाही, तसाच हा प्रकार आहे. गाडी बंद असून बॅटरी भरलेली असेल तर १२.६ ते १२.७ व्होल्ट भरतात. निम्मी उतरली की १२.२ च्या आसपास येते आणि ११.९ ला पोहोचली म्हणजे जवळपास रिकामी. इंजिन सुरू झाले की अल्टरनेटर तिला भरू लागतो आणि तारेवर १३.८ ते १४.४ व्होल्ट येतात. सेल्फ मारताना स्टार्टरची मोटर शंभराहून अधिक अँपिअर खेचते, त्या एक-दोन सेकंदांत व्होल्ट धाडकन खाली येतात. चांगली बॅटरी नऊ-दहापर्यंत सांभाळते. बॅटरी जुनी असेल आणि हिवाळ्याची पहाट असेल (गोंदियाचा पारा तेव्हा दहाच्या खाली जातो), तर सात-आठवर जाते, क्षणभर सहाही दिसू शकतात.

माझ्या गाडीचे मोजमाप मी स्वतः घेतले. साधा मल्टीमीटर यासाठी उपयोगाचा नाही, कारण आकडा बदलण्याआधीच सेल्फचा क्षण निघून जातो. 'मिन-मॅक्स' बटन असलेला मीटर घ्यावा, तो सर्वांत खालचा आणि सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो. डिसेंबरच्या सकाळी बंद गाडीत १२.५, सेल्फच्या वेळी ८.९ आणि इंजिन चालू असताना १४.२ असे तीन आकडे मिळाले. माझा इन्व्हर्टर साडेदहा व्होल्टला बॅटरी संपली असे समजून बंद होणारा होता. तेव्हा त्रेसष्ट नोंदी का गेल्या हे निराळे सांगायला नको.

दुसरी चूक याहून गमतीची. इन्व्हर्टर काढून मी अगदी लहान पॉवर सप्लाय आणला. मदरबोर्डाच्या २४ पिनांच्या सॉकेटात सरळ खोचला जाणारा, बोटभर लांबीचा. त्यावर 'इनपुट १२ व्होल्ट डीसी' असे छापले होते. वायरिंगच्या मिस्त्रीने तो हातात घेऊन म्हटले, "चाचा, गाडी बारा व्होल्टची, डबी बारा व्होल्टची, मग अडचण कसली?" मलाही पटले. दुकानात अडॅप्टरवर लावून पाहिला, उत्तम चालला. गाडीत लावला, चालला. गाडी सुरू केली आणि बोर्ड बंद. गाडी बंद केली की पुन्हा चालू. दोन दिवस आम्ही तारा ओढत बसलो, बोर्ड खराब आहे म्हणून दुकानदाराशी बोलाचालीही झाली. दोष कोणाचाच नव्हता.

अशा लहान सप्लायमध्ये ५ आणि ३.३ व्होल्ट नवे तयार होतात, पण १२ व्होल्टची तार नवी तयार होत नाही. आत जे येते तेच स्विचमधून तसेच बोर्डाकडे जाते. घरातल्या अडॅप्टरमधून नेमके बारा येतात, म्हणून तिथे काही बिघडत नाही. बोर्डाला बारा म्हणजे किती चालतात याचा नियम ठरलेला आहे: पाच टक्के कमी किंवा पाच टक्के जास्त. म्हणजे ११.४ पासून १२.६ पर्यंत. इंजिन सुरू झाल्यावर माझ्या गाडीत १४.२ येत होते. सप्लायने जास्त व्होल्ट पाहून स्वतःला बंद करून घेतले, ही त्याची इमानदारीच म्हणायची. ज्या सप्लायमध्ये असे संरक्षण नसते तो ते १४.२ पुढे ढकलतो आणि हार्ड डिस्क किंवा बोर्ड काही दिवसांनी मान टाकतो.

हिशेबाला बसल्यावर पहिली ओळ लिहायची ती व्होल्टची. सप्लायचे इनपुट किती व्होल्टपासून किती व्होल्टपर्यंत आहे, आणि माझ्या गाडीचा सर्वांत खालचा व सर्वांत वरचा आकडा त्यात बसतो का? दुकानात सगळे विचारतात ते वॅट. वॅटची पाळी नंतर येते. गाडीसाठीच बनवलेले 'वाइड इनपुट' सप्लाय मिळतात. 'एम२-एटीएक्स' नावाचा १६० वॅटचा सप्लाय ६ ते २४ व्होल्ट घेतो, 'एम४-एटीएक्स' हा २५० वॅटचा ६ ते ३० व्होल्ट घेतो. यांच्यात बारा व्होल्टची तारही नव्याने तयार होते. आत सात येवोत की चौदा, बाहेर बाराच.

वरची मर्यादा २४ असावी की ३०, हा प्रश्न शहरात बसून निरर्थक वाटेल. देवरीच्या बाजूला राष्ट्रीय महामार्ग ५३ वर रात्री बॅटरी उतरलेली गाडी घेऊन उभे राहिलात की समजेल. मदतीला थांबतो तो ट्रकवाला. मोठ्या ट्रकची वीज २४ व्होल्टची असते आणि त्याचे इंजिन चालू असेल तर २८ च्या आसपास. जंप केबल लावून त्याने मेहेरबानी केली तर गाडी कदाचित सुरू होईल, पण आतल्या उपकरणांचे काय होईल ते सांगता येत नाही. असा प्रसंग आला तर आधी कॉम्प्युटरचा फ्यूज काढून खिशात ठेवावा. आणखी एक धोका आहे. इंजिन चालू असताना बॅटरीचे टर्मिनल ढिले होऊन सुटले, तर अल्टरनेटरची सगळी वीज क्षणभर तारांवर उसळते. अल्टरनेटरमध्ये ती रोखण्याची सोय असली तरी ३५ व्होल्टपर्यंत, नसली तर शंभराच्या घरात. बाजारातले नुसते 'कन्व्हर्टर' म्हणून मिळणारे उघडे बोर्ड आणि गाडीसाठी म्हणून बनवलेला सप्लाय यांत खरा फरक हा उसळीचा बंदोबस्त असण्या-नसण्याचा आहे. आणि टर्मिनल दर महिन्याला आवळावे, याला काही खर्च नाही.

काही मदरबोर्ड असे येतात की त्यांना एसएमपीएस लागतच नाही, अडॅप्टरची पिन सरळ बोर्डात जाते. त्यांचा मोह होतो. पण पिन सारखी दिसली तरी भूक सारखी नसते. बरेच बोर्ड फक्त १९ व्होल्ट मागतात, लॅपटॉपच्या अडॅप्टरसारखे. त्यांना गाडीत चालवायचे तर बाराचे १९ करणारा बूस्टर मध्ये लावावा लागतो, आणि साध्या बूस्टरची गोष्ट अशी की आत १९ पेक्षा जास्त आले तर तो अडवत नाही, तसेच पुढे जाऊ देतो. 'एएसरॉक' कंपनीचा 'क्यू१९००डीसी-आयटीएक्स' हा बोर्ड ९ ते १९ व्होल्टपर्यंत काहीही घेणारा आला होता. चालत्या गाडीसाठी तो जवळपास बरोबर बसतो. पण माझा डिसेंबरचा आकडा आठवा, ८.९. नऊला एक दशांश कमी. जिथे उधारीची वही आहे तिथे इतक्या काठावर उभे राहणे मला मंजूर नाही. रास्पबेरी पाय हा लहान बोर्ड अनेक मुले वापरतात. तो ५ व्होल्टवर चालतो आणि त्याच्या चौथ्या पिढीला ३ अँपिअर लागतात. सिगारेट लायटरमध्ये घालायच्या मोबाईल चार्जरवर तो सुरू होतो, पण काम वाढले की व्होल्ट कमी पडल्याची खूण दाखवत राहतो. काम किरकोळ असेल तर तोही चालेल, मात्र पाच व्होल्टचा भरवशाचा कन्व्हर्टर घ्यावा.

लायटरच्या सॉकेटचा विषय निघालाच आहे तर त्याचे पूर्ण करतो. बहुतेक गाड्यांत सेल्फ मारताना लायटरची वीज तोडली जाते, स्टार्टरला पूर्ण जोर मिळावा म्हणून. तिथून वीज घेतली तर सहा व्होल्टवर चालणारा उत्तम सप्लायही काय करणार, त्याला शून्य मिळते. कॉम्प्युटरची मुख्य तार थेट बॅटरीवरून आणावी आणि बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज घालावा. फ्यूज कॉम्प्युटरजवळ घालून चालत नाही, कारण आग लागली तर ती मधल्या तारेत लागते. गाडीत कापड भरलेले असते हे विसरू नये.

आता वॅट. माझ्या सामानाची बेरीज अशी झाली: बोर्ड, प्रोसेसर, मेमरी मिळून २० वॅट, एसएसडी ३, दहा इंची टच स्क्रीन १०, बारकोड स्कॅनर व इतर यूएसबी ५. एकूण ३८. बिलाचा प्रिंटर यात धरला नाही, कारण दुकानातला मोठा थर्मल प्रिंटर पुष्कळदा २४ व्होल्ट मागतो, म्हणून मी स्वतःच्या बॅटरीवर चालणारा लहान प्रिंटर घेतला. ३८ वॅटसाठी सप्लाय दुपटीने मोठा घेतला तरी पुरे, म्हणजे ८० वॅट. त्याहून मोठा घेतल्याने बोर्डाला काही त्रास होत नाही, बोर्ड आपल्या गरजेपुरतेच घेतो. मात्र फार मोठा सप्लाय अगदी थोड्या कामावर असला की त्याची स्वतःची तूट तुलनेने जास्त पडते.

पण वॅटच्या एकूण आकड्याने फसू नये. गठ्ठ्यात १२० मीटर कापड आहे म्हणून घेतले आणि गिऱ्हाइकाला हवा तो रंग त्यात वीसच मीटर निघाला, तर उरलेले शंभर मीटर त्या दिवशी निरुपयोगी. सप्लायच्या लेबलवरही रंग पाहावेत. समजा एखादा १२० वॅटचा सप्लाय १२ व्होल्टवर ६ अँपिअर, ५ वर ६ आणि ३.३ वर ६ देतो. बेरीज बरोबर आहे, ७२ अधिक ३० अधिक २०. पण आजचे प्रोसेसर आपली बहुतेक वीज १२ व्होल्टच्या तारेतून, चार पिनांच्या वेगळ्या जोडातून घेतात. कोणी ६५ वॅटचा प्रोसेसर लावला तर मधली तूट धरून त्या एकट्यालाच सव्वासहा-साडेसहा अँपिअर लागतात. एकूण खर्च १२० च्या बराच खाली असूनही सप्लाय बसतो. जुन्या बोर्डाची गोष्ट उलटी, त्यांचा भार ५ व्होल्टवर जास्त असे. यासाठी बोर्डाची माहिती आणि सप्लायचे लेबल शेजारी ठेवून प्रत्येक तारेचा हिशेब स्वतंत्र जुळवावा. काही वाइड इनपुट सप्लाय आत व्होल्ट फार खाली आले की बाहेर पूर्ण वॅट देत नाहीत, तेही माहितीपत्रकात दिलेले असते.

हीच बेरीज तारेसाठीही कामी येते. सप्लाय शंभरातले ८५ पुढे देतो असे धरले तर ३८ वॅटसाठी बॅटरीतून ४५ वॅट निघतात. साडेबारा व्होल्टवर हे ३.६ अँपिअर झाले. सेल्फच्या क्षणी व्होल्ट नऊवर आले की बोर्डाची भूक कमी होत नाही, त्यामुळे सप्लाय जास्त प्रवाह खेचून तेच ४५ वॅट पुरे करतो. नऊवर ५ अँपिअर, सहावर साडेसात. नेमके व्होल्ट कमी असतात तेव्हाच तारेवर जास्त भार येतो, आणि मिस्त्री लोक स्पीकरची बारीक तार वापरून मोकळे होतात. जाण्याची चार मीटर व येण्याची चार मीटर तार धरली, तर पाऊण चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेत ५ अँपिअरवर जवळजवळ एक व्होल्ट वाटेतच जातो. अडीच चौरस मिलिमीटरच्या तारेत पाव व्होल्टच्या थोडे वर. मी अडीचची घातली आणि फ्यूज १० अँपिअरचा. उलट्या दिशेची तार गाडीच्या पत्र्यालाच जोडून वाचवली जाते, पण पत्र्यावरचा रंग खरवडल्याशिवाय जोड पक्का होत नाही.

आता राहिली बंद गाडीची गोष्ट. कॉम्प्युटर बंद दिसतो तेव्हाही पूर्ण बंद नसतो. बटन दाबल्याचे समजावे म्हणून सप्लाय बोर्डाला ५ व्होल्टची एक जागती तार देत राहतो. झोपलेला कॉम्प्युटर दीड वॅट घेत असेल तर दिवसाला जवळपास ३ अँपिअर-तास, आठवड्याला २०. गाडीची बॅटरी ३५ ची. लग्नाला म्हणून दहा दिवस बाहेरगावी जाऊन आलात तर गाडी ढकलूनच सुरू करावी लागेल. गाडीसाठीच्या सप्लायला एक तिसरी तार असते, ती चावीच्या वीजेला जोडायची. चावी फिरवली की तो थोडे थांबून स्वतःच बोर्डाचे बटन दाबतो. चावी काढली की बोर्डाला रीतसर बंद व्हायला सांगतो, पुरेसा वेळ देतो आणि मग जागती तारही तोडतो. बॅटरी ठरावीक खाली गेली तर चावीची वाट न पाहता हेच करतो. हिशेबाची फाईल वाचते ती या तिसऱ्या तारेमुळे. पण कॉम्प्युटरच्या सेटिंगमध्ये बटन दाबल्यावर 'शट डाऊन' असेच ठेवले पाहिजे, 'स्लीप' नव्हे.

बाजारात मात्र गाडी पाच-सहा तास बंद उभी असते आणि कॉम्प्युटर चालू लागतो. ४५ वॅट सहा तास म्हणजे २२ अँपिअर-तास, बॅटरीचा अर्ध्याहून मोठा वाटा. गाडीची बॅटरी एका झटक्यात जोर देण्यासाठी बनलेली असते, रोज अशी निम्मी उपसली तर वर्षभरही टिकणार नाही. स्क्रीन बिलापुरती चालू ठेवल्याने खर्च बराच खाली आला, तरी मला समाधान नव्हते. म्हणून पुढे मी कॉम्प्युटरसाठी वेगळी बॅटरी घेतली आणि मध्ये असा रिले लावला की इंजिन चालू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडल्या जाव्यात. सेल्फचा खड्डा त्यामुळे कॉम्प्युटरपर्यंत पोहोचत नाही. कोणी म्हणेल, मग आता साधा 'बारा व्होल्ट'चा सप्लाय चालेल. नाही चालणार. इंजिन चालू झाले की त्या बॅटरीवरही १४.२ येतातच. १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत जे ट्रॅकिंगचे उपकरण सक्तीचे झाले, त्याच्याही पोटात स्वतःची छोटी बॅटरी असते. गाडीच्या विजेवर एकट्यावर विसंबायचे नाही, हे त्या नियम करणाऱ्यांनीही मानले आहे.

उष्णतेबद्दल थोडे. सप्लायवर छापलेले वॅट कोणत्या तापमानाला मिळतात ते पाहावे, उन्हाळ्यात आमच्या गाडीच्या आत ते तापमान केव्हाच ओलांडलेले असते. त्यातले कपॅसिटर दर दहा अंश वाढीला साधारण निम्म्या आयुष्यावर येतात, म्हणून ८५ अंशांचे नव्हे तर १०५ अंशांचे कपॅसिटर असलेला घ्यावा. सप्लाय दुप्पट मोठा घेण्याचे माझे खरे कारणही हेच, अर्ध्या भारावर तो कमी तापतो. डबा सीटच्या मागे, पत्र्यापासून सुटा, आणि कापडाच्या गठ्ठ्यांनी झाकला जाणार नाही अशा जागी ठेवावा.

सगळे बसवून झाल्यावर मी लगेच उधारी त्यावर घेतली नाही. एक खोटी वही तयार केली, प्रोग्राम चालू ठेवला, मुलाला नोंदी करत राहायला सांगितले आणि मी गाडी सुरू-बंद करत राहिलो. सकाळी थंड इंजिनावर, दुपारी तापलेल्या गाडीत, हेडलाइट लावून, हॉर्न वाजवत, असे वीस वेळा. मिस्त्री लांब उभा राहून हसत होता. वीस वेळांत बोर्ड एकदाही पुन्हा सुरू झाला नाही, नोंदी मोजल्या तर सगळ्या जागेवर. तरी पहिले तीन बाजार कागदी वहीसुद्धा सोबत चालवली. दोन्हीच्या बेरजा तिसऱ्या बाजारीही जुळल्या, तेव्हा कागदी वही दुकानातल्या कपाटात ठेवली. रोज रात्रीची नक्कल मात्र अजूनही पेन ड्राइव्हवर घेतो.